तळलेली कोंबडी, चवळी आणि सराका

गेल्या वर्षी अमेरिकेत अटलांटाला भाच्याकडे गेलो होतो. जुम्म्याची नमाज झाल्यावर तो मला जवळच्या एका लहानशा हॉटेलात घेऊन गेला. हॉटेल एका काळ्या मुस्लिम कुटुंबाचे. "मामू, इथली तळलेली कोंबडी हलाल आहे, बिनधास्त खा," तो म्हणाला. ताटात कोंबडीचे दोन तुकडे, सोबत चवळी-भात, कोलार्ड नावाची शिजवलेली पालेभाजी आणि मक्याच्या पिठाचा पाव. कोंबडी झकास होती, पण मी अडखळलो चवळीपाशी. ही तर आपल्या घरातली!

चवळी मूळची आफ्रिकेची. आपल्याकडे ती फार प्राचीन काळी आली आणि आपलीच होऊन गेली. अमेरिकेत मात्र ती गुलामांच्या जहाजांबरोबर पोहोचली. त्या ताटातल्या जवळजवळ प्रत्येक पदार्थामागे गुलामीचा इतिहास आहे.

कोंबडीचेच बघा. १८२४ साली मेरी रँडॉल्फ यांचे 'द व्हर्जिनिया हाउसवाइफ' हे पुस्तक निघाले. त्यात तळलेल्या कोंबडीची कृती आहे. तुकडे करा, पीठ लावा, मीठ टाका, डुकराच्या चरबीत तळा. पुस्तकावर नाव मालकिणीचे; पण तशा घरांत चुलीपुढे उभ्या असत त्या गुलाम स्त्रिया. गुलामांना गाय-घोडा बाळगायची परवानगी क्वचितच मिळे, कोंबड्या मात्र अनेक ठिकाणी पाळू देत. त्या विकून चार पैसे गाठीला बांधता येत.

१८६५ साली गुलामी संपली. त्यानंतर व्हर्जिनियातल्या गॉर्डन्सविल या रेल्वे जंक्शनवर काळ्या स्त्रिया डोक्यावर ताटे घेऊन उभ्या राहू लागल्या. गाडी थांबली की खिडकीतून प्रवाशांना तळलेली कोंबडी विकत. त्या कमाईवर त्यांनी संसार उभे केले. आणि याच कोंबडीवरून त्यांच्या समाजाची टिंगलही झाली. १९१५ च्या 'द बर्थ ऑफ अ नेशन' या चित्रपटात काळा लोकप्रतिनिधी विधिमंडळात बसून कोंबडी खाताना दाखवला आहे. या लोकांना राज्य करायची लायकी नाही, हे सांगण्यासाठी. खाण्यावरून माणसाची पायरी ठरवण्याची ही रीत आपल्याला काही नवी नाही.

अशा अपमानाला उत्तर काय द्यायचे? 'नेशन ऑफ इस्लाम'चे एलिजा मुहम्मद यांनी एक उत्तर दिले. त्यांच्या अनेक समजुती इतर मुसलमानांना मान्य नव्हत्या, पण काळ्या अमेरिकनांवर त्यांचा प्रभाव मोठा होता. १९६७ साली त्यांचे आहारावरचे पुस्तक निघाले. डुकराचे मांस तर वर्ज्यच. पण त्यांच्या शिकवणीत चवळी, कोलार्ड, मक्याचा पाव यांनाही मनाई होती. मालकाने गुलामाला जे खायला लावले ते स्वतंत्र माणसाने का खावे, असा त्यामागचा रोख.

त्यांचा संताप मला समजतो. पण जॉर्जिया राज्याच्या किनाऱ्यावरच्या सापेलो बेटाची हकिकत वाचल्यावर ते उत्तर मला अपुरे वाटू लागले.

या बेटावर एकोणिसाव्या शतकात बिलाली मुहम्मद नावाचा पश्चिम आफ्रिकेतून आणलेला गुलाम होता. वुजू आणि नमाजेचे नियम अरबी लिपीत लिहिलेली त्याची तेरा पानांची वही आजही जपलेली आहे. १९३० नंतरच्या दशकात काही लेखनिक त्याच्या वंशजांना भेटले. ही मंडळी तोवर ख्रिस्ती झाली होती. पण आपल्या आज्या-पणज्या तांदूळ रात्रभर भिजत घालत, उखळात कुटत, मध किंवा साखर घालून हाताने चपट्या वड्या थापत आणि मुलांना वाटत, हे त्यांना आठवत होते. त्या वडीचे नाव 'सराका'. अभ्यासकांनी त्यात आपला शब्द ओळखला : सदका.

कलमा विसरला, नमाज गेली, नावे बदलली. सदका मात्र राहिला, तोही बायकांच्या हातून, उखळात. आपल्या घरात नियाजेचा गोड पदार्थ वाटणाऱ्या आजीला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. आणि विशेष म्हणजे, ज्याच्याकडे स्वतःच्या देहाचीही मालकी नव्हती, तो दान देत होता. अशा अन्नाला निव्वळ गुलामीचे अन्न कसे म्हणायचे?

भाच्याने काउंटरवरच्या बाईंना विचारले, पालेभाजीत काय घालता? परंपरेने त्यात डुकराचे मांस असते. त्या म्हणाल्या, "आम्ही धुरावलेली टर्की घालतो. बाकी सगळे माझ्या आजीचे."

मी ताटातली चवळी शेवटच्या दाण्यापर्यंत संपवली.