डॉक्टरांची वेळ आणि रोग्याची वेळ

इंग्लंडात कोणी तुम्हांला म्हणाला, "आज सकाळी सर्जरीत जाऊन आलो," तर लगेच त्याच्या पोटावर टाके शोधू नका. फार तर त्याने घसा दाखवून गोळ्या लिहून आणल्या असतील. आपण ज्याला दवाखाना म्हणतो त्यालाच तिकडे ‘सर्जरी’ म्हणतात, आणि डॉक्टर तेथे बसण्याच्या वेळेलाही तेच नाव. सकाळची सर्जरी, संध्याकाळची सर्जरी. आता आपला शब्द पाहा. दवा मिळते तो दवाखाना. एका शब्दात कापाकापी आहे, दुसऱ्यात औषध आहे. पण ज्यासाठी आज आपण डॉक्टरांकडे जातो तो सल्ला मात्र दोन्ही शब्दांत कोठेच नाही! आपल्या शब्दाचे राहू द्या, इंग्लंडात यामागे मोठा इतिहास आहे. डॉक्टरांच्या दारापर्यंत कोणी, केव्हा आणि कोणाच्या परवानगीने पोचावयाचे, याचा तो इतिहास.

सतराव्या-अठराव्या शतकांत लंडनमध्ये औषधोपचार करणाऱ्यांचे तीन थर होते. सर्वांत वर फिजिशियन. हा विद्यापीठाचा पदवीधर. तो श्रीमंतांच्या घरी जाई, विचारपूस करी, औषध लिहून देई आणि सल्ल्याची फी घेई. त्याच्या खाली हाताने काम करणारा सर्जन. आणि त्याच्याही खाली अपॉथेकरी, म्हणजे औषधे कुटून, गाळून विकणारा दुकानदार. गरिबाला फिजिशियन कोठून परवडणार? तो आपला अपॉथेकरीच्या दुकानात जाऊन जीभ दाखवी. फिजिशियनांच्या कॉलेजला हे खपेना. विल्यम रोझ नावाच्या एका अपॉथेकरीने फिजिशियनला न विचारता एका खाटकाला औषधे दिली, म्हणून कॉलेजने त्याला कोर्टात खेचले. कनिष्ठ कोर्टात रोझ हरला. पण १७०४ साली हाउस ऑफ लॉर्ड्‌सने निकाल फिरवला. अपॉथेकरीला रोगी तपासण्याची मुभा मिळाली. अट एवढीच की, पैसे घ्यावयाचे ते औषधाचे. सल्ल्याचे नाहीत.

या एका अटीने केवढे रामायण घडवले! सल्ला फुकट आणि बाटली विकत, असे ठरल्यावर प्रत्येक रोग्याच्या हाती बाटली जाणारच. गरज असो वा नसो. पुढे कायदे बदलले. १८१५ च्या कायद्याने अपॉथेकरींना शिक्षण आणि परवाना लागू झाला, १८५८ मध्ये सर्व डॉक्टरांची एकच सरकारी नोंदवही झाली, सल्ल्याचे पैसेही रीतसर घेता येऊ लागले. पण लोकांची समजूत बसली ती बसली. बाटली मिळाली नाही तर डॉक्टरांनी काही केलेच नाही, असे त्यांना वाटे. तुमच्यापैकी ज्येष्ठांना आपल्याकडचा कंपाउंडर आठवत असेल. लाल मिक्स्चर, आणि बाटलीवर मात्रेच्या खुणांसाठी कात्रीने कातरलेली ती कागदाची पट्टी. आपल्याकडे ती रीत इंग्रजी वैद्यकाच्या हाताला धरूनच आली.

तेव्हा आजच्या इंग्रजी फॅमिली डॉक्टराचा पूर्वज हा दुकानदार-सर्जन. त्याची सर्जरी बहुधा त्याच्या राहत्या घरातच, पुष्कळदा बाजूच्या दाराने जावयाची एक खोली. पैसेवाल्याकडे डॉक्टर स्वतः जाई. गरिबाने डॉक्टरांकडे यावयाचे. घरी बोलावण्याची फी अर्थातच जास्त. म्हणजे व्हिजिट ही मुळात इभ्रतीची बाब होती, आजाराच्या गांभीर्याची नव्हे. डॉक्टरांची घोडागाडी कोणाच्या दारी किती वेळ उभी राहते, यावर आळीत चर्चा होत असेल, याची कल्पना आपण सहज करू शकतो. आपल्याकडे काय वेगळे होते?

गरिबांनी मग आपली सोय आपणच काढली. मजुरांच्या परस्पर-साहाय्य मंडळ्या निघाल्या. आठवड्याला काही पेनी द्यावयाचे आणि मंडळीने डॉक्टर बांधून घ्यावयाचा. वेल्समधल्या ट्रेडेगार या कोळशाच्या गावी अशी नावाजलेली संस्था होती. तेथे काही काळ डॉक्टर असलेल्या ए. जे. क्रोनिनने पुढे १९३७ साली ‘द सिटाडेल’ ही गाजलेली कादंबरी लिहिली. आणि त्याच गावचा खाणकामगाराचा मुलगा अनायरिन बेव्हन पुढे ब्रिटनचा आरोग्यमंत्री झाला. त्याच्याकडे आपण येणारच आहोत.

त्याआधी लॉइड जॉर्जचा १९११ चा विमा कायदा. १९१३ च्या जानेवारीपासून त्याखाली कामगारांना डॉक्टर मिळू लागला. यादीवरच्या या डॉक्टरांना ‘पॅनेल डॉक्टर’ म्हणत. कायदा चांगला होता यात शंका नाही. पण त्यात एक मोठे भगदाड होते. विमा मिळवत्याचा, त्याच्या बायकोचा नाही आणि पोरांचाही नाही. नवऱ्याने दुखरा अंगठा घेऊन सर्जरीत जावे आणि घरी बाईने अंगावर ताप काढावा, असा हा न्याय. १९३९ साली मार्जरी स्प्रिंग राइस यांनी १,२५० विवाहित कामकरी स्त्रियांच्या प्रकृतीची पाहणी प्रसिद्ध केली. रक्तक्षय, कंबरदुखी, बाळंतपणातील दुखणी. आणि औषध नाही, कारण पैसा आधी मुलांना, मग नवऱ्याला, उरला तर स्वतःला. हे वाचताना इंग्लंड विसरायला होते. आपल्याच घरातली एखादी काकू किंवा मावशी डोळ्यांसमोर येते.

आणि मग ५ जुलै १९४८, सोमवार. बेव्हनची राष्ट्रीय आरोग्यसेवा त्या दिवशी सुरू झाली. श्रीमंत-गरीब, नवरा-बायको, म्हातारेकोतारे, सर्वांना डॉक्टर, आणि दारात पैसे द्यावयाचे नाहीत. डॉक्टरांना सरकारकडून मिळावयाचे ते त्यांच्या यादीवर माणसे किती या हिशेबाने. किती वेळा तपासले, किती व्हिजिटी केल्या, याच्याशी त्याचा संबंध नाही. त्या काळच्या डॉक्टरांच्या आठवणींत एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते: पहिल्या काही महिन्यांत बायका आल्या. वर्षानुवर्षे दुखणी घेऊन आल्या. अंग बाहेर येणे, पायांच्या शिरा फुगणे. फडके बांधून, दात-ओठ खाऊन ज्यांनी दिवस काढले होते, त्या प्रथमच त्या बाजूच्या दारातून आत आल्या.

सर्जरी कशी चाले? वेळ ठरवणे वगैरे काही नाही. दार उघडले की भिंतीला लावलेल्या बाकांवर बसावयाचे आणि आपल्या आधी कोण होते हे ध्यानात ठेवावयाचे. "निळ्या टोपीवाल्यानंतर मी." घंटा वाजली की पुढचा आत. दोन-दोन तास थांबावे लागे, पण त्या दिवशी डॉक्टर भेटणार हे नक्की. सकाळची सर्जरी आटोपली की डॉक्टर मोटारीतून घरोघर फिरत. ज्यांना घरी बोलवावयाचे त्यांनी सकाळीच निरोप पोचवावयाचा. कोणी शेजारच्या मुलाला पिटाळी, कोणी कोपऱ्यावरच्या लाल टेलिफोनच्या खोक्यात नाणी टाकी. आणि फोन घेई कोण? डॉक्टरांची बायको! रात्री-अपरात्री, जेवताना, मूल कडेवर घेऊन. आणि बहुतेक ठिकाणी बिनपगारी. या स्त्रियांवर कोणी इतिहास लिहायला पाहिजे. कोणते पोर नुसते रडते आहे आणि कोणत्याची मान ताठली आहे, याचा पहिला निवाडा त्या करीत.

निरोप आणणारा माणूस महत्त्वाचा, हे आपल्या जुन्या वैद्यांनाही ठाऊक होते. चरक आणि सुश्रुत या दोघांच्या ग्रंथांत वैद्याला बोलवायला आलेल्या दूताचा विचार आहे. तो कसा आला, काय बोलला, त्याचा वेश कसा, यावरून रोग्याचे भवितव्य ताडावे, असे ते सांगतात. आज आपण ते शकुन मानणार नाही. पण दाराशी आलेल्या निरोपावरून आतल्या रोग्याचा अंदाज बांधण्याची गरज काही टळलेली नाही.

असो. १९४८ चे चित्र रम्य करून सांगण्यात अर्थ नाही. १९५० साली जोसेफ कॉलिंग्ज या ऑस्ट्रेलियन डॉक्टरचा अहवाल ‘लॅन्सेट’मध्ये आला आणि खळबळ उडाली. काही औद्योगिक शहरांतल्या सर्जऱ्या त्याला इतक्या कळकट, घाईच्या आणि अपुऱ्या आढळल्या की, तेथे धड तपासणे शक्यच नव्हते. सल्ला फुकट झाला होता. पण डॉक्टरांच्या वेळेची किंमत कोणीच धरली नव्हती. यादीगणिक पैसे असल्यामुळे चांगली खोली बांधणारा, नोकर ठेवणारा डॉक्टर उलट तोट्यात जाई. १९६५ मध्ये हा असंतोष फुटला. सुमारे १८ हजार डॉक्टरांनी तारीख न घातलेले राजीनामे आपल्या संघटनेकडे देऊन ठेवले. आरोग्यमंत्री केनेथ रॉबिन्सन हे स्वतः डॉक्टरांचे चिरंजीव. त्यांनी वाटाघाटी केल्या आणि १९६६ मध्ये नवा करार झाला. जागेचे भाडे सरकारने द्यावयाचे, नोकरांच्या पगाराचा ७० टक्के भाग सरकारने उचलावयाचा, रात्रीच्या व्हिजिटीला निराळी फी.

माझ्या मते ब्रिटिश रोग्याच्या आयुष्यात १९४८ च्या खालोखाल महत्त्वाचे साल हेच. कारण या करारातूनच सर्जरीच्या काउंटरमागे पगारी रिसेप्शनिस्ट बसली, आणि तिच्या पुढ्यात अपॉइंटमेंटची वही आली. बाक गेले, वेळ आली. साडेदहाला तुम्ही, दहा चाळीसला दुसरे. डॉक्टरांची कामे शिस्तीत आली, रोग्यांचे तास वाचले. पण एक सूक्ष्म फरक पडला. बाकावर बसणारा स्वतःचा वेळ खर्चून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठत होता. वहीत नाव घालणाऱ्याला "मंगळवारी या" असे सांगता येऊ लागले. पूर्वी गर्दी दिसत असे. आता ती वहीत मिटून ठेवता आली. रिसेप्शनिस्टने "काय होतंय तुम्हांला?" असे चारचौघांत विचारले की, माणसे संतापत. तिकडच्या विनोदांत तर ती आग ओकणारी राक्षसीणच झाली. बिचारीचा दोष एवढाच की, डॉक्टरांची बायको जे घरात करी ते ती उघड्यावर करीत होती.

व्हिजिटी मात्र ओसरू लागल्या. १९७१ च्या सुमारास डॉक्टर-रोगी भेटींपैकी पाचांत एक तरी रोग्याच्या घरी होई. या शतकाच्या आरंभी वीसांत एक झाली. घरोघर मोटारी आल्या, अँटिबायोटिक्समुळे पोरांचे ताप लवकर उतरू लागले, तपासण्याची साधने सर्जरीत आली. एका घरी जाण्याच्या वेळात तीन-चार रोगी पाहून होतात, हा हिशेब तर कोणालाही पटेल. पण घरी गेल्याने जे कळते ते हिशेबात धरता येत नाही. भिंतीवरची ओल, थंड चूल, पलंगाखाली न घेतलेल्या गोळ्या.

हे ज्यांनी ओळखले त्यांत ज्यूलियन ट्यूडर हार्ट यांचे नाव घेतलेच पाहिजे. वेल्सच्या ग्लिनकोरूग या खाणीच्या गावात त्यांनी वर्षानुवर्षे डॉक्टरकी केली. कोणी येण्याची वाट न पाहता साऱ्या गावाचा रक्तदाब तपासण्याचा उद्योग त्यांनी आरंभला. १९७१ साली त्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये मांडलेला नियम आज जगभर शिकवला जातो. त्याचा आशय असा की, जेथे वैद्यकीय मदतीची गरज जास्त, तेथेच ती चांगल्या प्रतीची मिळणे कठीण. अशा गावांत इंग्रज डॉक्टर जायला नाखूश असत. तेथे गेले कोण? भारत आणि पाकिस्तानातून आलेले डॉक्टर. त्यांत आपल्या मुंबई-पुण्याच्या वैद्यकीय महाविद्यालयांतले पदवीधरही होते. भारतीय पदव्यांना तिकडे सरसकट मान्यता होती ती १९७५ मध्ये संपली. तोवर गेलेल्यांपैकी कित्येकांनी खाणींच्या आणि गिरण्यांच्या गावी एकट्याने सर्जऱ्या चालवल्या, रात्रीच्या व्हिजिटी केल्या आणि तेथेच केस पांढरे केले.

पुढचा भाग थोडक्यात सांगतो. २००० साली सरकारने ठरवले की, ४८ तासांच्या आत प्रत्येकाला डॉक्टर भेटलाच पाहिजे. हेतू उत्तम. पण कित्येक सर्जऱ्यांनी काय केले? पुढच्या आठवड्याची वेळ देणेच बंद केले! पुढची वेळ दिली नाही, म्हणजे कोणी ४८ तासांहून जास्त थांबले असे कागदावर येतच नाही. २००५ च्या निवडणुकीत बीबीसीच्या कार्यक्रमात एका बाईने पंतप्रधान टोनी ब्लेअर यांना हे तोंडावर सांगितले. ते चकित झाले; त्यांना याचा पत्ताच नव्हता. प्रेक्षकांतून मात्र "आमच्याकडेही असंच" असे आवाज उठले.

त्याच्या आदल्याच वर्षी, २००४ च्या नव्या कराराने, डॉक्टरांना रात्रीच्या जबाबदारीतून मोकळे होण्याची मुभा मिळाली होती आणि बहुतेकांनी ती घेतली. २०२० मध्ये कोव्हिड आला आणि आधी फोनवर बोला, मग बघू, ही रीत झाली. सकाळी आठला फोन सुरू होताच हजारो माणसे एकदम तुटून पडत. ही आठची झुंबड थांबवण्याचे वचन सरकारला २०२३ मध्ये द्यावे लागले. २०२५ च्या ऑक्टोबरपासून इंग्लंडातल्या सर्जऱ्यांनी दिवसभर ऑनलाइन विनंत्या घ्याव्यात, असा नियम झाला. ज्याच्या हाती फोन आहे आणि ज्याला चार ओळी नीट लिहिता येतात त्याची सोय झाली. ज्यांना ते जमत नाही अशी ऐंशी वर्षांची आजी अजून काउंटरपाशी जाऊन उभी राहते.

आणि व्हिजिट? ती अजून आहे. जे अंथरुणाला खिळले आहेत, जे शेवटच्या घटका मोजीत आहेत, त्यांच्याकडे डॉक्टर अजून जातात. कधी त्यांच्या ऐवजी नर्स किंवा पॅरामेडिक जातो. ज्या व्हिजिटीने एके काळी घराची श्रीमंती दाखवली, ती आता ज्याला उठून दारापर्यंतही जाता येत नाही त्याच्या वाट्याला उरली आहे. दुपारच्या जेवणाच्या सुमारास, दोन सर्जऱ्यांच्या मधल्या वेळात, डॉक्टर पिशवी उचलतात आणि निघतात.