जागा बदलली तरी न अडणारी आज्ञापत्रिका

‘शेजारच्या खोलीतली वही आण,’ असे आपण मुलाला सांगतो. पण शेजारची म्हणजे कोणाच्या शेजारची? सांगणाऱ्याच्या, की ऐकणाऱ्याच्या? माणूस हे प्रसंगावरून ताडतो. यंत्राला ते साधत नाही.

हा पेच संगणकाइतकाच जुना आहे. १९४९ च्या मे महिन्यात केंब्रिजला एडसॅक हा संगणक चालू झाला. त्याला आज्ञा द्यायच्या त्या कागदी फितीला भोके पाडून. वारंवार लागणारी गणिते एकदाच लिहून त्यांच्या फिती जपून ठेवाव्यात, अशी योजना होती. पण आज्ञेत स्मृतीच्या कप्प्याचा क्रमांक असे. तीच फीत दुसऱ्या कप्प्यांत भरली की सारे क्रमांक चुकत! डेव्हिड व्हीलर या तरुण संशोधकाने तोड काढली. फितीवर ‘माझ्या आरंभापासून अमुकावा कप्पा’ एवढेच लिहायचे. आरंभाचा क्रमांक त्यात मिळवायचा तो यंत्राने, फीत भरताना.

पुढे १९८१ साली आयबीएमच्या घरगुती संगणकाबरोबर डॉस आले. ओळीने आज्ञा लिहिलेली फाइल, म्हणजे बॅच फाइल, त्यात चाले. तेव्हा चकतीवर फोल्डर नव्हते. १९८३ साली डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीत ते आले आणि जुना प्रश्न पुन्हा दारात उभा राहिला. बॅच फाइलमध्ये नुसते फाइलचे नाव लिहिले, तर संगणक ती शोधतो चालू फोल्डरात. बॅच फाइल जिथे ठेवली आहे तिथे नव्हे. बरे, पूर्ण पत्ता लिहावा, तर फोल्डर हलवताच तो खोटा ठरतो.

यात केवळ गैरसोय नाही, धोकाही आहे. विंडोजमध्ये बॅच फाइल प्रशासकाच्या अधिकाराने चालवली, की चालू फोल्डर बहुधा सिस्टिम-बत्तीस हा असतो. फाइलीत ‘इथले सारे पुसून टाक’ अशी आज्ञा असेल, तर ‘इथले’ म्हणजे प्रत्यक्ष विंडोजचे काळीज!

यावरचा तोडगा विंडोज एनटीच्या घराण्यात मिळाला. टक्क्याचे चिन्ह, मग लहरीसारखी आडवी रेघ, मग इंग्रजी डी, पी आणि शेवटी शून्य. शून्य म्हणजे ही फाइल स्वतः, डी म्हणजे तिचा ड्राइव्ह, पी म्हणजे तिथवरची वाट. ही पाच अक्षरे फाइलच्या नावाआधी जोडली, की पत्ता बॅच फाइलच्या घरापासून मोजला जातो. दोन गोष्टी मात्र विसरू नयेत. वाटेतल्या नावांत मोकळी जागा असू शकते, म्हणून सारा पत्ता अवतरणचिन्हांत घालावा. आणि आधी फोल्डर बदलून मग काम करायचे असेल, तर ‘सीडी’ला ‘डी’चा जोड द्यावा, नाही तर ड्राइव्ह बदलत नाही.

व्हीलरची फीत आणि ही पाच अक्षरे यांचे सूत्र एकच: आपला पत्ता दुसऱ्याच्या उभे राहण्यावर सोपवू नये, स्वतःच्या उंबरठ्यापासून मोजावा. मग बिऱ्हाड कुठेही हलवा, काम अडत नाही.