पहिल्या सामन्याचा निकाल

महाविद्यालयें उघडून महिना-दीड महिना लोटला, पावसाचा पहिला जोर ओसरला आणि मैदान आंबटओलें झालें, कीं फुटबॉलच्या मोसमास प्रारंभ होतो. पहिला सामना संध्याकाळीं संपतो आणि त्याच रात्रीं वसतिगृहाच्या खोल्यांतून, चहाच्या दुकानांतून, सायकली हातांत धरून उभ्या राहिलेल्या घोळक्यांतून एक न्यायालय भरतें. गोलरक्षक उभ्या उभ्या झोपला होता. कर्णधार वशिल्यानें झालेला आहे. गेल्या वर्षींचा सेंटर फॉरवर्ड पदवी घेऊन गेला तो संघाचे पायच घेऊन गेला. सामना जिंकला असेल तर ढाल कपाटांत कोठें ठेवावी याची चर्चा, आणि हरला असेल तर "यंदा कांहीं खरें नाहीं" हा एकमुखी निर्णय. हिंगोलीसारखें जिल्ह्याचें गांव असो, पुण्या-मुंबईचें मोठें महाविद्यालय असो, कीं पूर्वीच्या हैदराबाद संस्थानांतील राजधानीचें शहर असो, या संभाषणाचा मजकूर फारसा बदलत नाहीं. फक्त खेळाडूंचीं नांवें तेवढीं बदलतात.

शौकिनांच्या या उतावीळपणास केवळ तारुण्य कारण आहे असें म्हणणें अन्यायाचें होईल. आपल्याकडील जुन्या स्पर्धा बहुतेक बाद पद्धतीच्या. सिमल्याची ड्युरंड स्पर्धा १८८८ सालीं सुरू झाली, मुंबईची रोव्हर्स १८९१ सालीं, कलकत्त्याची आय. एफ. ए. ढाल १८९३ सालीं. या स्पर्धांत हरला तो संघ घरीं गेला. पहिला पराभव हाच शेवटचा पराभव. महाविद्यालयांच्या स्पर्धांनींही तोच कित्ता गिरविला. वर्षभर घाम गाळावा आणि तासा-दीड तासांत सारा मोसम संपावा, अशी जेथें रीत, तेथें प्रेक्षकांस धीर धरण्याची संवय कोठून लागणार? साखळी पद्धतींत हरलेल्यास पुन्हां उभें राहण्यास वाव असतो; पण ती पद्धत महाविद्यालयीन मुलांच्या वाट्यास फारशी आली नाहीं.

दुसरें असें, कीं महाविद्यालयाचा संघ हा दरवर्षीं नवाच संघ असतो. शहराचा अगर पोलिसांचा संघ दहा-दहा वर्षें तीच माणसें घेऊन खेळूं शकतो. महाविद्यालयांत जुने पदवी घेऊन जातात आणि निरनिराळ्या शाळांतून आलेलीं नवीं मुलें त्यांच्या जागीं उभीं राहतात. त्यांना एकमेकांची हांकही ओळखूं येत नाहीं. उन्हाळ्याच्या सुटींत कोणी शेतावर राबून आलेला, कोणी नुसता आंबे खाऊन आलेला. अशा अकरांचा पहिला सामना पाहून संघाची लायकी ठरविणें म्हणजे पेरणी झाल्यावर आठ दिवसांनीं खळ्याचा हिशेब मांडण्यासारखें आहे. शौकीन मात्र हा हिशेब दरसाल मांडतात, आणि तो कधीं कधीं बरोबरही येतो. त्यामुळेंच संवय सुटत नाहीं.

या विषयाचा इतिहास पाहूं जातां हिंगोलीकरांस एका माणसाची आठवण होणें उचित आहे. हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा १ मे १९९९ रोजीं परभणींतून वेगळा निघाला हें खरें. परंतु त्यापूर्वींचा तिचा शे-दोनशे वर्षांचा इतिहास हैदराबादशीं बांधलेला आहे. हैदराबाद कंटिंजंट या फौजेची येथें छावणी होती आणि १९०३ सालापर्यंत ती नांदती होती. पुढें रेल्वे आली. उच्च शिक्षणाची इच्छा धरणारा या भागांतील मुलगा हिंगोलीहून निघे, पूर्ण्यास गाडी बदली आणि नांदेड-निजामाबादवरून हैदराबादेस उतरे. तेथें उस्मानिया विद्यापीठ १९१८ सालीं स्थापन झालें होतें. शिक्षणाचें माध्यम उर्दू. घरीं मराठी बोलणाऱ्या मुलास तर्कशास्त्र आणि रसायन एका परक्या लिपींतून शिकावें लागे. मैदानावर मात्र लिपीचा प्रश्न नव्हता.

याच हैदराबादेंत सय्यद अब्दुल रहीम नांवाचा विद्यार्थी फुटबॉल खेळत होता. जन्म १९०९ सालचा. सिटी कॉलेजच्या आजी-माजी विद्यार्थ्यांनीं मिळून "इलेव्हन हंटर्स" नांवाचा संघ उभारला होता, त्यांत तो खेळे. पुढें उस्मानिया विद्यापीठाच्या संघांतही खेळला. शिक्षण संपल्यावर त्यानें मास्तरकी धरली. काचीगुडा, चादरघाट येथील शाळांतून शिकविलें. मग शारीरिक शिक्षणाची पदविका घेऊन शाळांतील खेळांची व्यवस्था अंगावर घेतली. १९४३ च्या सुमारास हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे ते चिटणीस झाले आणि त्याच दशकांत शहर पोलिसांच्या संघाचें शिक्षण त्यांच्याकडे आलें. पोलिसांच्या संघास शाळामास्तर शिकवितो, ही गोष्ट त्या काळीं कांहींशी गमतीची वाटली असल्यास नवल नाहीं.

रहीमसाहेबांची शिकविण्याची तऱ्हा शाळेंतलीच होती. पोरांच्या अशा स्पर्धा ते भरवीत, कीं ज्यांत खेळाडूनें आपला कच्चा पायच वापरावयाचा. उजव्या पायाच्या मुलानें उजव्यानें चेंडू मारला तर चालावयाचें नाहीं. दुसऱ्या स्पर्धेंत चेंडू पायांत घोळवीत पुढें नेण्यास बंदी; मिळाला कीं सोबत्याकडे द्यावयाचा. अशा सामन्यांत खेळ पाहणाऱ्यास कंटाळाच येणार. चांगला खेळाडू बावळा दिसतो, चेंडू भलतीकडे जातो, गोल होत नाहींत. परंतु जें आज बिघडतें तेंच उद्यां घडावयाचें असतें, हें बाराखडी गिरवून घेणाऱ्या मास्तरास जितकें ठाऊक तितकें दुसऱ्या कोणास असणार?

त्या काळचें हैदराबाद केवळ खेळाचें नव्हतें. १९३८ सालीं "वंदे मातरम्" म्हणण्यावरून औरंगाबादच्या व उस्मानियाच्या वसतिगृहांत विद्यार्थ्यांचें आंदोलन झालें. शेंकडों मुलांना बाहेर पडावें लागलें आणि त्यांतील पुष्कळांना नागपूर विद्यापीठानें आश्रय दिला. मराठवाड्याच्या त्या पिढीला कॉलेजची आठवण म्हटली कीं मैदानाआधीं ही आठवण येते. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं संस्थानची राजवट संपली, आणि त्यानंतर दोनच वर्षांनीं हैदराबाद शहर पोलिसांनीं मुंबईस जाऊन रोव्हर्स चषक जिंकला. एकदां जिंकला असें नव्हे. १९५० ते १९५४ अशीं पांच वर्षें ओळीनें जिंकला. ज्या स्पर्धेंत १९३७ सालीं बंगलोर मुस्लिम्स संघाचा जय होईपर्यंत गोऱ्या पलटणींखेरीज कोणी विजेता ठाऊक नव्हता, तेथें हा पराक्रम झाला. त्या पांच वर्षांत मराठवाडा हा हैदराबाद राज्याचाच भाग होता. म्हणून मुंबईंतला तो विजय परभणी-हिंगोलीच्या माणसास आपला म्हणण्याचा हक्क होता.

पण याच रहीममास्तरांच्या वाट्यास शौकिनांचा संतापही आला. १९५१ सालीं दिल्लीच्या पहिल्या आशियाई सामन्यांत त्यांच्या शिकवणीखालीं भारतानें अंतिम सामन्यांत इराणचा १-० असा पराभव करून सुवर्णपदक मिळविलें होतें. साऱ्या देशाच्या अपेक्षा उंचावल्या. पुढच्याच वर्षीं, १५ जुलै १९५२ रोजीं, हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्यें पहिलाच सामना युगोस्लाव्हियाशीं पडला. आपले कित्येक खेळाडू अनवाणी. निकाल १०-१. स्पर्धा बाद पद्धतीची असल्यामुळें दुसरा सामनाच नव्हता. मग देशभर जें व्हावयाचें तें झालें. अनवाणी खेळणें हा आमचा बाणा आहे म्हणणारे एका रात्रींत बुटांचे पुरस्कर्ते झाले. बुटांचा प्रश्न खरा होता, आणि फुटबॉल महासंघानें पुढें बूट सक्तीचे केले हें योग्यच झालें. पण दहा गोल केवळ बुटांच्या अभावीं होत नाहींत. ज्यांनीं एक कारण शोधून समाधान मानलें त्यांनीं खेळाचा विचार तेथेंच थांबविला.

१ नोव्हेंबर १९५६ रोजीं हैदराबाद राज्य विसर्जित झालें. मराठवाड्याचे पांच जिल्हे मुंबई राज्यांत आले. भाषेच्या दृष्टीनें हें घरीं परतणेंच होतें. पण फुटबॉलच्या शौकिनापुढें एक चमत्कारिक प्रश्न उभा राहिला: कालपर्यंत "आपला" असलेला हैदराबादचा संघ आज परक्या राज्याचा झाला. नकाशावर रेघ ओढतांना हा प्रश्न कोणी विचारांत घेत नाहीं, घेण्याचें कारणही नाहीं. बरोबर एक महिन्यानें, १ डिसेंबर रोजीं, मेलबोर्नच्या ऑलिंपिकमध्यें भारतानें ऑस्ट्रेलियाचा ४-२ असा पराभव केला. शिक्षक रहीमसाहेब, संघांत हैदराबादचे अनेक खेळाडू, आणि तीन गोल करणारा नेव्हिल डिसूझा मुंबईच्या मैदानांवर खेळणारा गोवेकर. तेव्हां दोन्ही नाती एकाच संघांत आलीं. भारत त्या स्पर्धेंत चौथा आला.

आतां मूळ विषयास सर्वांत जवळचा प्रसंग. १९६२ सालच्या ऑगस्टअखेर जकार्ता येथें चौथे आशियाई सामने भरले. भारताचा पहिला सामना दक्षिण कोरियाशीं झाला आणि भारत ०-२ हरला. हेलसिंकीची आठवण दहा वर्षांची ताजी. "यंदा कांहीं खरें नाहीं" हें वाक्य पुन्हां उच्चारलें गेलें असल्यास त्यांत आश्चर्य नाहीं. शिवाय परिस्थिति विलक्षण प्रतिकूल. इंडोनेशिया सरकारनें इस्राएल व तैवान यांच्या खेळाडूंना प्रवेश नाकारला होता. त्यावर भारताचे प्रतिनिधि गुरुदत्त सोंधी यांनीं या सामन्यांस आशियाई सामने म्हणूं नये असा पवित्रा घेतला. जकार्त्याचा जमाव खवळला, भारतीय वकिलातीवर चालून गेला. भारतीय खेळाडू मैदानांत उतरले कीं प्रेक्षकांतून धिक्काराचा गजर होई.

परंतु येथें आरंभींच्या फेऱ्या गटांतील साखळीच्या होत्या. म्हणजे हरलेल्यास दुसरा दिवस होता. मास्तरांना तेवढाच हवा होता. पुढच्या सामन्यांत थायलंडचा ४-१ असा पराभव झाला. पण त्याच सामन्यांत बचावाचा आधारस्तंभ जर्नेलसिंग याचें डोकें फुटलें, टांके पडले. पंजाबांतील माहिलपूरच्या खालसा कॉलेजांतून वर आलेला हा गडी म्हणजे प्रतिपक्षाच्या आघाडीपुढें उभी भिंत. तो नसतांना भारतानें जपानला २-० असें हरविलें. उपांत्य सामन्यास जर्नेल उठून उभा राहिला, पण टांक्यांसकट बचावांत उभें राहणें धोक्याचें. तेव्हां रहीमसाहेबांनीं त्याला मागून काढून थेट आघाडीला, सेंटर फॉरवर्डच्या जागीं, उभें केलें. वसतिगृहांतील कोणत्याही न्यायालयानें या निर्णयावर मास्तरांस फांशीच दिली असती. दक्षिण व्हिएटनामविरुद्ध भारत ३-२ असा जिंकला आणि जर्नेलनें त्यांतला एक गोल केला.

४ सप्टेंबर १९६२. अंतिम सामना, समोर पुन्हां तोच दक्षिण कोरिया. प्रचंड प्रेक्षकसमुदाय, जवळजवळ सारा भारताविरुद्ध. त्या गदारोळांत भारताचा जयघोष करणारे थोडे होते, त्यांत पाकिस्तानचे हॉकीपटू होते, ही गोष्ट त्या संघांतील खेळाडूंनीं पुढें अनेकवार सांगितली आहे. गोलरक्षक पीटर थंगराज तापांतून उठून आलेला. सतराव्या मिनिटास प्रदीपकुमार बॅनर्जीनें पहिला गोल केला, विसाव्या मिनिटास डोक्याला पट्टी बांधलेल्या जर्नेलसिंगनें दुसरा. कोरियाला एकच गोल करतां आला, तोही सामना संपत आल्यावर. कर्णधार चुनी गोस्वामी यांनीं सुवर्णपदक स्वीकारलें. नऊ-दहा दिवसांपूर्वीं ज्या संघानें दोन गोलांनीं हरविलें, त्याच संघाचा हा पराभव होता. खेळाडू बहुतेक तेच. फरक इतकाच, कीं पहिला सामना एकानें नीट वाचला होता.

रहीमसाहेब त्या वेळीं फुप्फुसाच्या कर्करोगानें पोखरले गेले होते. भारतास आशियाई सामन्यांत फुटबॉलचें सुवर्ण त्यानंतर मिळालेलें नाहीं; १९७० सालीं बँकॉकला कांस्यपदक मिळालें, तेवढेंच. हैदराबादच्या मैदानांची ती पुण्याईही पुढें हळूहळू आटली. मराठवाड्याला १९५८ सालीं औरंगाबादेस स्वतःचें विद्यापीठ मिळालें, १९९४ सालीं नांदेडला दुसरें. हिंगोलीच्या महाविद्यालयांतील मुलें आतां त्या नांदेडच्या विद्यापीठाच्या स्पर्धांत उतरतात, आणि पूर्ण्यास गाडी बदलून हैदराबादेस जाण्याची गरज उरलेली नाहीं.

जकार्त्यानंतर नऊ महिन्यांनीं, ११ जून १९६३ रोजीं, रहीमसाहेब वारले. शाळा-कॉलेजें उघडण्याचे ते दिवस होते आणि मोसमाचा पहिला सामना अजून व्हावयाचा होता.