अनुस्फुरक प्रथिन-संवेदक

जिवंत पेशीत दोन प्रथिने एकमेकांना जोडली गेली की नाही, हे प्रकाशातील बदलावरून दाखवणारी, जनुक-जोडणीने घडवलेली संयुक्त प्रथिने. नेहमीच्या प्रकाशीय सूक्ष्मदर्शकाला सुमारे २०० नॅनोमीटरपेक्षा जवळचे दोन बिंदू वेगळे दाखवता येत नाहीत. त्यामुळे दोन प्रथिने एकाच ठिपक्यात दिसली, तरी ती शेजारी आहेत इतकेच कळते; जोडलेली आहेत की नाहीत, ते नाही.

या संवेदकांचा कच्चा माल म्हणजे एक्वोरिया व्हिक्टोरिया या जेलीफिशमध्ये ओसामू शिमोमुरा यांना १९६२ मध्ये सापडलेले, २३८ अमिनो आम्लांचे हिरवे अनुस्फुरक प्रथिन आणि त्याची रंगीत उत्परिवर्तित रूपे. एका प्रथिनाला निळसर, दुसऱ्याला पिवळे रूप जोडतात. दोन्ही पुरेशी जवळ आली, की निळसर रूपाने शोषलेली ऊर्जा पिवळ्याकडे जाते आणि पिवळा प्रकाश वाढतो. सुमारे ५ नॅनोमीटरवर निम्मी ऊर्जा अशी सरकते. अंतर दुप्पट झाले, तर जेमतेम दीड टक्का. १९९७ मध्ये आत्सुशी मियावाकी, रॉजर त्सिएन व सहकाऱ्यांनी याच तत्त्वावर कॅल्शियमदर्शक ‘कॅमेलिऑन’ घडवले. कॅल्शियम मिळताच त्यातील कॅल्मोड्युलिन शेजारच्या एम१३ या पेप्टाइडला कवटाळते. रंग बदलतो आणि लांब जीभ आतबाहेर होते, म्हणून हे सरड्याचे नाव!

खरे कसब असते ते प्रथिन आणि त्याचे रंगीत रूप यांना जोडणाऱ्या जोडधाग्यात. तो आखूड पडला तर प्रथिने भेटू शकत नाहीत, फार लांब झाला तर संकेत पुसट होतो. रंगीत रूपांमधील प्रकाश शोषणाऱ्या रंगकेंद्रांची दिशा जुळली नाही, तर भेट होऊनही ऊर्जा सरकत नाही. म्हणून संकेत नाही याचा अर्थ संबंध नाही, असा होत नाही. उलट, रंगीत प्रथिने आपसातच चिकटून खोटा संकेत देतात. त्यावर रंगीत प्रथिनात २०६ व्या जागी अ‍ॅलानिनऐवजी लायसिन बसवणे हा रूढ उपाय आहे.

दुसऱ्या पद्धतीत पिवळ्या प्रथिनाचेच दोन तुकडे करतात. जोडीदार भेटले, तर तुकडे जुळून चमक येते. संकेत ठळक असतो, पण जुळलेले तुकडे सहसा सुटत नाहीत. भेट मोडल्याचे त्यातून कळत नाही. शिवाय तुकडे भरमसाट तयार झाले, तर ओळखपाळख नसलेली प्रथिनेही जुळल्यासारखी दिसतात. चांग-डेंग हू आणि टॉम केर्पोला यांच्या गटाने २००२ मध्ये फॉस-जून या प्रथिनांच्या जोडीवर ही पद्धत वापरली, तेव्हा फॉसमधील ल्युसीन झिपर हा जोडभाग वगळूनही पाहिले होते. तो काढताच चमक मावळली.