पेढी उघडली, बाजार बंदच राहिला

५ फेब्रुवारी १८७० रोजी न्यूयॉर्कमध्ये ४४, ब्रॉड स्ट्रीट इथे ‘वुडहल, क्लॅफ्लिन अँड कंपनी’ ही शेअर दलालीची पेढी सुरू झाली. मालकिणी दोघी सख्ख्या बहिणी: ३१ वर्षांची व्हिक्टोरिया वुडहल आणि धाकटी टेनेसी क्लॅफ्लिन. वॉल स्ट्रीट परिसरात बायकांनी चालवलेली ही पहिली पेढी मानली जाते. मुंबईत तेव्हा १८६५ च्या शेअर-सट्ट्याच्या जखमा ओल्या होत्या आणि दलालांची रीतसर संघटना व्हायला अजून पाच वर्षे होती.

पेढीची हकिगत बहुतेक वर्तमानपत्रांतून येते, म्हणून प्रत्येक साक्ष पारखून घ्यावी लागते. बहिणींनी आधीच सात लाख डॉलर कमावले होते, हा आकडा सर्रास दिला जातो. त्याचे मूळ ‘न्यूयॉर्क हेरल्ड’च्या बातमीदाराला खुद्द व्हिक्टोरियाने दिलेल्या मुलाखतीत आहे. २४ सप्टेंबर १८६९ च्या ‘काळ्या शुक्रवारी’ सोन्याचा भाव कोसळला, तेव्हा अनेकांचे दिवाळे निघाले आणि काहींनी हात धुऊन घेतले. बहिणी या दुसऱ्या गटात असणे अशक्य नाही. पण नव्या पेढीची मालकीण स्वतःच्या नफ्याचा आकडा सांगते, तेव्हा ती जाहिरातही असते. रेल्वेसम्राट कॉर्नेलियस व्हँडरबिल्ट यांच्याशी त्यांची ओळख मात्र पक्की. टेनेसी त्यांच्यावर हस्तस्पर्शाचे उपचार करी, आणि पेढीत त्यांची तसबीर लावलेली होती. पाठीशी कोण आहे, हे गिऱ्हाइकाला न सांगता कळे.

१८ फेब्रुवारीच्या एका वर्तमानपत्रातले व्यंगचित्र म्हणजे बाजाराच्या मनाचा आरसा. रथाला बैल आणि अस्वले, म्हणजे तेजीवाले आणि मंदीवाले, जुंपलेले. एका बहिणीच्या हाती लगाम, दुसरीच्या हाती चाबूक. मार्चमध्ये स्त्री-मताधिकाराच्या पुढारी सुझन अँथनी पेढीत येऊन गेल्या आणि त्यांनी आपल्या ‘रेव्होल्यूशन’ या साप्ताहिकात टेनेसीची मुलाखत छापली. बाईने स्वतःचा पैसा कमावण्याचे मोल त्यांनी ओळखले. पेढीत मागच्या बाजूला बायकांसाठी वेगळी खोली होती. एरवी बायकांचे व्यवहार नवरा, भाऊ किंवा पुरुष दलालामार्फत होत. इथे त्या स्वतः येऊन बोलू शकत.

तरीही बहिणींना शेअर बाजाराचे सभासदत्व मिळाले नाही. पेढीला भांडवल आणि भाड्याची जागा पुरली. बाजारात शिरायला मात्र आतल्या पुरुषांची संमती हवी होती. व्हिक्टोरियाचे लक्षही लवकरच दुसरीकडे वळले. २ एप्रिल १८७० रोजी तिने ‘हेरल्ड’मधून राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी जाहीर केली, १४ मे रोजी साप्ताहिक काढले. नोव्हेंबर १८७२ मध्ये त्यातल्या एका लेखावरून दोघी बहिणींना अश्लीलतेच्या आरोपाखाली तुरुंगात जावे लागले. १८७७ मध्ये दोघी इंग्लंडला गेल्या.

न्यूयॉर्क शेअर बाजारात बाईला पहिली जागा मिळाली ती २८ डिसेंबर १९६७ रोजी, म्युरिएल सीबर्ट यांना. सभासदांत त्या एकट्या, बाकीचे १,३६५ पुरुष. लंडनच्या बाजाराने १९७३ मध्ये बायकांना सभासद करून घेतले. मुंबई शेअर बाजाराच्या अध्यक्षपदी पहिली महिला, दीना मेहता, २००१ मध्ये आल्या. बहिणींनी नेमके किती कमावले, हा वाद त्यामुळे दुय्यम ठरतो. दुकान थाटायला हिंमत आणि पैसा पुरला होता. सभासदत्वाचे दार उघडायला मात्र ९७ वर्षे लागली, आणि ते उघडणे त्यांच्या हाती कधीच नव्हते.