फ्रान्सच्या द्राक्षांना टेक्ससचा खुंट

जुलै १८६८. दक्षिण फ्रान्समध्ये द्राक्षबागा का वाळताहेत ते पाहायला निघालेल्या तिघांत वनस्पतिशास्त्रज्ञ प्लांशों होते. मेलेल्या वेलींच्या मुळांवर काहीच सापडत नव्हते. हिरव्या दिसणाऱ्या वेली उपटल्या, तेव्हा मुळ्यांवर पिवळट, जेमतेम दिसणाऱ्या किड्यांची दाटी होती. माव्याच्या नात्यातली ही कीड म्हणजे फायलोक्सेरा. वेलीतला रस संपला की ती पुढची वेल गाठायची.

कीड आली होती अमेरिकेतून, हौसेने मागवलेल्या वेलींबरोबर. मिसूरीचे कीटकतज्ज्ञ चार्ल्स रायली यांनी दोन्हीकडची कीड एकच असल्याचे दाखवले. १८७५ मध्ये फ्रान्सने सुमारे ८ कोटी ४० लाख हेक्टोलिटर वाइन काढली होती. १८८९ मध्ये ती अडीच कोटींच्याही आत आली. सरकारने तीन लाख फ्रँकांचे बक्षीस लावले. कुणी हिवाळ्यात बागा पाण्यात बुडवून ठेवल्या, कुणी जमिनीत कार्बन डायसल्फाइड सोडले. दोन्ही उपाय लागू पडत, पण पाणी किंवा पैसा असणाऱ्यालाच.

अमेरिकेतल्या रानवेली मात्र या किडीसोबत पिढ्यानपिढ्या जगत आल्या होत्या. कीड चावली की त्यांची मुळी जखमेभोवती बुचासारखा थर धरते, त्यामुळे सड आत शिरत नाही. बोर्दोच्या लालिमान यांनी १८६९ मध्येच या वेली तग धरतात हे सांगितले होते. खाली अमेरिकन खुंट, वर फ्रेंच काडी, असे कलम करायचे ठरले, तर वाइनची चव बिघडेल म्हणून बागायतदार हटून बसले. ज्यांच्या वेलींनी रोग आणला त्यांच्याकडूनच औषध घ्यायचे, हा सलही असणारच! लालिमान यांनी बक्षीस मागितले, मिळाले नाही.

खरी अडचण जमिनीची निघाली. रिपारिया आणि रुपेस्ट्रिस या रानवेली चुनखडीच्या रानात पिवळ्या पडत, आणि फ्रान्समधल्या कित्येक नामांकित बागा नेमक्या चुनखडीवर होत्या. १८८७ मध्ये पिएर व्हिआला शोधाला अमेरिकेत गेले. टेक्ससच्या टी. व्ही. मन्सन यांनी त्यांना चुनखडीच्या टेकड्यांवर रुजणारी बर्लांडिएरी वेल दाखवली. तिची काडी सहजी मुळे धरत नाही, म्हणून पुढे तिचे संकर केले गेले. नाशिक-सांगलीच्या बागायतदारांचा डॉगरिज खुंटही टेक्ससच्याच रानवेलीचा. इथे तो कामी आला खारवट पाणी आणि पाण्याची ओढ सोसण्यासाठी.

कॅलिफोर्नियाने मात्र ए-एक्स-आर-१ हा खुंट निवडला. तो अरामों या फ्रेंच द्राक्षाचा आणि रुपेस्ट्रिसचा संकर: जोमदार, भरघोस पिकणारा, पण किडीपुढे अर्धाच रानटी. युरोपात तो कोलमडल्याचे ठाऊक असूनही कॅलिफोर्नियात त्याची शिफारस होत राहिली. १९८० च्या दशकात नापा आणि सोनोमाच्या बागा खंगू लागल्या, आणि हजारो एकरांवरच्या वेली उपटून नव्या खुंटांवर लावाव्या लागल्या.