अफगाणिस्तानची पुनर्उभारणी : बॉन ते दोहा

युद्धाने उद्ध्वस्त झालेला देश पुन्हा उभा करायचा तर आधी सुरक्षा की आधी मदत, हा प्रश्न आंतरराष्ट्रीय राजकारणाला नवा नाही. रस्ते, शाळा, रुग्णालये बांधायची तर शांतता हवी. आणि शांतता टिकायची तर लोकांच्या हाताला काम व घरात धान्य हवे. या पेचाचे सर्वांत दीर्घ आणि सर्वांत खर्चिक उदाहरण म्हणजे अफगाणिस्तान. २००१ ते २०२१ या दोन दशकांत या देशाच्या भवितव्यावर युरोप-आशियातील अनेक राजधान्यांत परिषदा झाल्या, अब्जावधी डॉलरची आश्वासने दिली गेली. अखेरीस ऑगस्ट २०२१ मध्ये हा सारा डोलारा काही दिवसांत कोसळला.

बॉन करार

१३ नोव्हेंबर २००१ रोजी नॉर्दर्न अलायन्सच्या फौजा काबूलमध्ये शिरल्या. त्यानंतर दोन आठवड्यांतच, २७ नोव्हेंबरला, जर्मनीत बॉनजवळील पीटर्सबर्ग येथे संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने वाटाघाटी सुरू झाल्या. संयुक्त राष्ट्रांचे विशेष दूत लखदर ब्राहिमी यांनी चार अफगाण गटांना एकत्र बसविले : नॉर्दर्न अलायन्स, माजी राजे झहीर शाह यांचा 'रोम गट', 'सायप्रस गट' आणि 'पेशावर गट'. अमेरिका, इराण, पाकिस्तान, रशिया, भारत आदी देशांचे प्रतिनिधी निरीक्षक म्हणून हजर होते. मंत्रिपदांच्या वाटपावरून बोलणी अडली तेव्हा नॉर्दर्न अलायन्सचे मन वळविण्यात इराणचे प्रतिनिधी जवाद झरीफ यांचा मोठा वाटा होता, असे अमेरिकेचे प्रतिनिधी जेम्स डॉबिन्स यांनी नंतर नमूद केले.

५ डिसेंबर २००१ रोजी करारावर सह्या झाल्या. त्यानुसार हमीद करझाई यांच्या नेतृत्वाखालील हंगामी प्रशासनाने २२ डिसेंबरला सूत्रे हाती घेतली. २० डिसेंबरला सुरक्षा परिषदेने ठराव क्र. १३८६ संमत करून आंतरराष्ट्रीय सुरक्षा साहाय्य दलास (आयसाफ) मान्यता दिली. या दलाचे कार्यक्षेत्र मात्र काबूल व परिसरापुरतेच मर्यादित होते. प्रांतांत सत्ता राहिली ती स्थानिक सरदारांची.

पराभूत तालिबानला बॉनमध्ये निमंत्रण नव्हते. त्या वेळी हे स्वाभाविक वाटले. पुढे स्वतः ब्राहिमी यांनीच ही चूक असल्याचे मान्य केले.

देणगीदारांच्या परिषदा

जानेवारी २००२ मध्ये टोकियोत देणगीदार राष्ट्रांनी सुमारे ४.५ अब्ज डॉलरच्या मदतीचे आश्वासन दिले. त्याच वर्षी सुरक्षेची कामे पाच देशांत वाटण्यात आली. सैन्यउभारणी अमेरिकेकडे, पोलिस जर्मनीकडे, न्यायव्यवस्था इटलीकडे, अमली पदार्थविरोधी मोहीम ब्रिटनकडे आणि सशस्त्र टोळ्यांचे निःशस्त्रीकरण जपानकडे आले. कागदावर ही विभागणी सुटसुटीत होती. प्रत्यक्षात पोलिसांनी पकडलेल्या आरोपीला उभे करायला न्यायालय नाही, अशी स्थिती अनेक जिल्ह्यांत राहिली, कारण पाचही कामांची गती वेगवेगळी होती.

ऑगस्ट २००३ मध्ये 'नाटो'ने आयसाफचे नेतृत्व स्वीकारले. ऑक्टोबरमध्ये सुरक्षा परिषदेच्या ठराव क्र. १५१० ने काबूलबाहेरचा मार्ग खुला केला. तोवर बहुमोल दोन वर्षे निघून गेली होती.

२००४ मध्ये बर्लिनला तीन वर्षांसाठी ८.२ अब्ज डॉलर, २००६ मध्ये लंडनला १०.५ अब्ज आणि २००८ मध्ये पॅरिसला सुमारे २० अब्ज डॉलरची आश्वासने मिळाली. लंडन परिषदेतील 'अफगाणिस्तान कॉम्पॅक्ट'ने सुरक्षा, सुशासन आणि आर्थिक-सामाजिक विकास असे तीन आधारस्तंभ निश्चित केले.

पैसा कोणाच्या हातून?

परिषदांतील खरा वाद रकमेपेक्षा मार्गाचा होता. बरीचशी मदत अफगाण सरकारच्या अर्थसंकल्पाबाहेरून, परदेशी कंत्राटदार व संस्थांमार्फत खर्च होई. यामुळे सरकारची क्षमता वाढत नाही, अशी काबूलची तक्रार होती. सरकारच्या हाती पैसा दिला तर तो भ्रष्टाचारात मुरेल, अशी देणगीदारांना भीती होती. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य होते. जागतिक बँकेच्या व्यवस्थापनाखालील विश्वस्त निधी हा यातून काढलेला मधला मार्ग. जुलै २०१० मधील काबूल परिषदेत निम्मी विकासमदत दोन वर्षांत सरकारी अर्थसंकल्पातून देण्याचे ठरले. २०१२ मध्ये टोकियोत १६ अब्ज डॉलरचे आश्वासन देताना परस्पर उत्तरदायित्वाची चौकट घालण्यात आली.

त्याच वर्षी मे महिन्यात, शिकागोतील 'नाटो' बैठकीत अफगाण सुरक्षा दलांसाठी वर्षाला ४.१ अब्ज डॉलर लागतील, असा अंदाज मांडला गेला. हा बोजा अफगाण तिजोरीच्या आवाक्याबाहेरचा होता. परदेशी पैसा थांबला की सैनिकांचा पगारही थांबणार, हे तेव्हाच स्पष्ट होते. अमेरिकेने पुनर्उभारणीसाठी मंजूर केलेल्या सुमारे १४५ अब्ज डॉलरपैकी निम्म्याहून अधिक रक्कम सुरक्षा दलांवरच गेली.

भारताचा सहभाग

लष्कर न पाठविता भारताने तीन अब्ज डॉलरहून अधिक विकासमदत दिली. इराण सीमेवरील झारंजपासून देलारामपर्यंतचा २१८ किलोमीटरचा रस्ता, काबूलमधील संसद भवन (२०१५) आणि हेरात प्रांतातील सलमा धरण (२०१६) ही त्यातील ठळक कामे. त्यासाठी किंमतही मोजावी लागली. रस्त्याच्या कामावरील भारतीय कर्मचारी हल्ल्यांत मृत्युमुखी पडले. ७ जुलै २००८ रोजी काबूलमधील भारतीय दूतावासावर आत्मघाती हल्ला झाला.

दोहाचे टेबल

२९ फेब्रुवारी २०२० रोजी अमेरिका व तालिबान यांच्यात दोहा येथे करार झाला. या वाटाघाटींत काबूलचे सरकार सहभागी नव्हते. बॉनमध्ये एक पक्ष वगळला गेला होता, दोहात दुसरा. १५ ऑगस्ट २०२१ रोजी तालिबानने काबूल घेतले. त्यानंतर विकासनिधी थांबला आणि मध्यवर्ती बँकेची परदेशातील गंगाजळी गोठविण्यात आली. इस्पितळे व शाळांचे पगार ज्या मदतीवर चालत होते, तीच आटल्याने सामान्य अफगाण माणूस सर्वाधिक भरडला गेला.

२०२३ पासून संयुक्त राष्ट्रांनी दोहात नव्याने बैठका सुरू केल्या. २०२४ च्या जूनअखेरीस सुरू झालेल्या तिसऱ्या बैठकीस तालिबानचे प्रतिनिधी प्रथमच आले. मात्र मुख्य चर्चेत अफगाण महिलांना स्थान नव्हते. ज्यांच्या शिक्षणासाठी दोन दशके मदत मागितली व दिली गेली, त्याच या वेळी दाराबाहेर राहिल्या. चर्चेच्या टेबलाशी कोण बसते यावरच मदत व सुरक्षा दोन्हींचे आयुष्य ठरते, हा बॉनचा धडा दोहातही अपुराच शिकला गेला.